व्हिडिओ कॉलवरचा डॉक्टर आणि विम्याचा दावा: या चुका टाळा

मालवण-देवगडकडची मंडळी ऑपरेशनला कोल्हापूर नाहीतर गोवा गाठतात. पुढची तपासणी हल्ली बरेचदा व्हिडिओ कॉलवर होते आणि फी भरतो मुंबईतला चाकरमानी मुलगा. दाव्याचा घोळ सुरू होतो तो इथेच.

पॉलिसी घेताना एजंटला ‘टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरचा डॉक्टरी सल्ला) आहे का?’ असं विचारून भागत नाही. डॉक्टरांचा सल्ला पॉलिसीत बसत असेल, तर तो फोनवर घेतलेलाही मान्य करा, असं विमा नियामक आयआरडीएआयने जून 2020 मध्येच कंपन्यांना सांगितलंय. मर्यादा मात्र पॉलिसीतल्याच. म्हणजे विचारायचं ते ओपीडीचं, ॲडमिट न होता होणाऱ्या खर्चाचं. साध्या मेडिक्लेममध्ये ती सहसा नसते. मग सर्दी-तापाच्या कॉलचे पैसे कुठून मिळणार? आयुष्मान कार्डावरही ओपीडी नाही. अशा किरकोळ दुखण्याला सरकारची ई-संजीवनी ही ऑनलाइन डॉक्टरांची सेवा बरी, ती फुकट आहे.

ओपीडी नाही म्हणून सगळीच बिलं फेकून देणं, ही मात्र महागातली चूक. ॲडमिट होण्याआधीचा आणि डिस्चार्जनंतरचा त्याच आजाराचा खर्च बहुतेक पॉलिसींत धरतात. ‘आरोग्य संजीवनी’ या सगळ्या कंपन्यांत सारख्याच अटींच्या पॉलिसीत ही मुदत आधी 30 आणि नंतर 60 दिवसांची आहे. बाबांचं ऑपरेशन झालं, महिन्याने सर्जनने व्हिडिओवर पाहून गोळ्या बदलल्या, तर ती फी आणि त्या गोळ्या दोन्ही मागता येतात. हॉस्पिटलचं बिल कॅशलेस झालं, की लोक फाईल कपाटात टाकतात. हा नंतरचा दावा आपणच वेगळा करायचा असतो, तोही ठरलेल्या मुदतीत.

आता कागद. डॉक्टरांनी व्हॉइस मेसेजवर सांगितलेली औषधं दाव्याला चालत नाहीत. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा आणि फीची पावतीही त्यांनी द्यायला हवी. लाजू नका, मागा. मुलाच्या जीपेचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. उपचार आईचे असतील, तर पावतीवर नाव आईचं, पॉलिसीत आहे तसंच हवं. बुकिंग मुलाच्या प्रोफाइलवरून केलं की चिठ्ठीच त्याच्या नावाने येते.

विमा कंपनीच्या ॲपवरचा ‘मोफत सल्ला’ बहुधा कंपनीच्या पॅनलवरच्या डॉक्टरांचाच असतो. आपल्या रत्नागिरीच्या डॉक्टरांची फी त्यात धरत नाहीत.

दावा नाकारलाच, तर कारण लेखी मागून घ्या आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.