नवरा न्यू जर्सीत, मी साताऱ्यात: स्पाउस व्हिसाचं काम कसं करावं

जोडीदार अमेरिकन सिटिझन आहे आणि लग्नानंतर तुम्ही भारतातच आहात, अशांसाठी हे लिहितेय. जोडीदाराकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर फॉर्म बहुतेक तेच, पण तुम्ही एफ-२ए नावाच्या रांगेत (ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांसाठीची कोट्याची रांग) उभे राहता आणि ती कुठवर सरकली हे सांगणारं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला बघावं लागतं. सिटिझनच्या नवऱ्याला किंवा बायकोला कोट्याची रांग नाही. तरी महिनोन् महिने जातात, त्यामुळे "दिवाळीपर्यंत येईलच हो" असं नातेवाइकांना आधीच सांगून बसू नका.

फॉर्म उघडायच्या आधी दोघांनी व्हिडिओ कॉलवर बसून नावं जुळवा. आपल्याकडे मुलीच्या नावाची जी तऱ्हा होते ती तिकडच्या अधिकाऱ्याला ठाऊक नसते. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. आधारवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग निराळं. त्यात लग्नात सासूबाईंच्या हौसेखातर तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं एक नवंकोरं नाव, जे नोंदणीच्या अर्जातही शिरलं! यातलं काहीच लपवायचं नाही. अर्ज पासपोर्टवरच्या नावाने करायचा आणि बाकीची झाडून सगळी नावं "वापरलेली इतर नावं" या रकान्यात टाकायची. व्हिसासाठी म्हणून सासरचं आडनाव लावून पासपोर्ट बदलायच्या भानगडीत पडू नका. हौस असेल तर नंतर सावकाश लावा.

जन्मदाखला आजच काढून बघा. आपल्या पिढीतल्या पुष्कळांच्या दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नावाची नोंद करून नवा दाखला घ्या. लग्नाचा नोंदणी दाखला, म्हणजे नमुना ई, हवाच. नुसती लग्नपत्रिका चालत नाही. जो कागद फक्त मराठीत आहे त्याचं इंग्रजी भाषांतर जोडायचं. त्यासाठी वकील किंवा नोटरी लागत नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाने "भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे, मला दोन्ही भाषा येतात" असं लिहून सही करायची. माझं काम इंग्रजी शिकवणाऱ्या मैत्रिणीने केलं, चहापोह्यांवर. अपोस्टिलच्याही (परदेशात कागद चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) मागे लागू नका, एजंट मात्र त्याचे पैसे आनंदाने घेतील.

मग सिटिझन जोडीदार अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे आय-१३० भरतो, म्हणजे "ही माझी बायको किंवा हा माझा नवरा" हे मांडणारा मूळ अर्ज. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइनची फी ६२५ डॉलर, कागदी अर्जाची ६७५. दर बदलत राहतात, भरायच्या दिवशी त्या खात्याच्या साइटवर बघा. सोबत तुमची माहिती आय-१३०ए या फॉर्मवर. लग्न खरं आहे याचे पुरावे इथेच जोडायचे. लोक आख्खा अल्बम चढवतात: सप्तपदी, कन्यादान, सगळ्या फोटोंत तेच शालू-फेटे. त्यातले चार-पाच पुरेत. साखरपुड्याचा, सासूबाईंबरोबर गणपतीच्या आरतीचा, महाबळेश्वरला पावसात भिजलेल्या अवतारातला, असे निरनिराळ्या महिन्यांतले निवडा. प्रत्येकाखाली तारीख, गाव आणि कोण कोण उभं आहे ते लिहा: "डावीकडून मुलीची आत्या, वराचे काका". विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, इन्शुरन्सवर एकमेकांचं नॉमिनेशन, पैसे पाठवल्याची नोंद हे जास्त वजनदार. व्हॉट्सअॅपच्या गप्पांतली महिन्याला दोन-तीन पानं बास, "जेवलीस का?" शंभर वेळा वाचायला कुणाला वेळ नाही.

आय-१३० मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, म्हणजे मुलाखतीआधी फी आणि कागद गोळा करणाऱ्या अमेरिकन सरकारी कार्यालयाकडे. तिथे ३२५ आणि १२० डॉलर अशा दोन फी, तुमचा डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) आणि नवऱ्याचा आय-८६४. आय-८६४ म्हणजे "हिचा खर्च मी उचलेन" अशी हमी. साधारणपणे त्याचं उत्पन्न तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी हवं. कमी पडलं तर दुसरा जामीनदार चालतो, पण मामाला "नुसती सही कर रे" म्हणू नका. घटस्फोट झाला तरी ही हमी सुटत नाही. तुम्ही सिटिझन होईपर्यंत किंवा तुमच्या नावे कामाच्या चाळीस तिमाह्या भरेपर्यंत ती सहसा गळ्यात राहते. मामाला हे आधी वाचायला द्या. आणि सेंटरची पत्रं वर्षभर अनुत्तरित ठेवली तर केस बंद होऊ शकते, तेव्हा ईमेलचं स्पॅम फोल्डरही चाळत चला.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. मुलाखतीची तारीख आली की मुंबईत मेडिकल, तेही कॉन्सुलेटच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच. लहानपणचं लसीकरणाचं कार्ड आईच्या कपाटातून शोधून न्या, नाहीतर त्याच लशी पुन्हा टोचून घ्याव्या लागू शकतात. बोटांचे ठसे आणि फोटो वेगळ्या केंद्रात आधीच होतात.

मुलाखत मुंबईच्या बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये, आणि ती तुमची असते. नवऱ्याने त्यासाठी रजा काढून यायची गरज नाही. उजवा हात वर करून शपथ, मग प्रश्न: कसे भेटलात, तो काय काम करतो, लग्नाला त्याच्याकडून कोण आलं होतं. पाठ केलेली उत्तरं देऊ नका. त्याच्या ऑफिसचं गाव आणि त्याच्या आधीच्या लग्नाबद्दल, असेल तर, नीट माहीत असू द्या. २२१(जी) ची चिठ्ठी, म्हणजे "व्हिसा तूर्त अडला आहे" असा कागद, मिळाली तर रडत बाहेर पडू नका. बऱ्याचदा एखादा कागद कमी असतो.

व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात आला की निघायच्या आधी २३५ डॉलर इमिग्रंट फी भरा, ग्रीन कार्ड त्यानंतरच छापतात. अमेरिकेत उतरलात त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. दोन वर्षांना आठवडाभरच कमी असेल आणि व्हिसाची मुदत पुरत असेल, तर तिकीट पुढे ढकला आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवा. ज्यांना दोन वर्षांचं मिळेल त्यांनी मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांच्या सहीने आय-७५१ (कार्डावरची दोन वर्षांची अट काढायचा अर्ज) भरायचा. त्यासाठी भाड्याचा करार, वीजबिल, बँक खातं पहिल्याच महिन्यापासून दोघांच्या नावावर करून घ्या.