जुनं 'पाँग' दुरुस्त करताय? या चुका टाळा

'पाँग' म्हणजे पडद्यावर टेबल टेनिससारखा खेळ खेळायचं, नाणं टाकून चालणारं जुनं व्हिडिओ गेमचं यंत्र. ते बंद पडलं की बरेचजण बोर्डावर आधी प्रोसेसर आणि रॉम (प्रोग्राम साठवणारी चिप) शोधायला लागतात. ॲलन ऑल्कॉर्नने 1972 मध्ये अटारी या व्हिडिओ गेम कंपनीसाठी उभ्या केलेल्या या खेळात दोन्ही नाहीत. चेंडू, पॅडल, गुण, मधली तुटक रेघ, सगळं साध्या टीटीएल चिपांच्या (एकेक ठरावीक काम करणाऱ्या, प्रोग्राम न लागणाऱ्या चिपा) जोडणीतून उमटतं. तेव्हा नेटवर 'पाँगचा रॉम' शोधत बसू नका, तो कधी नव्हताच.

यंत्र वर्षानुवर्षं बंद असेल तर थेट प्लगला लावू नका. जुने कपॅसिटर तपासा, मग बोर्डाला 5 व्होल्ट नीट मिळतात का ते मल्टिमीटरवर बघा. 4.75 ते 5.25 च्या बाहेर आकडा गेला तर बाकीचं निदान फोल आहे. यंत्र अमेरिकेतून भारतात आणलेलं असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच. आणि पिक्चर ट्यूबला हात लावू नका. वीज बंद केल्यावरही तिच्यात जीवघेणा विद्युतदाब राहतो. जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडेच ते काम द्या.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते 'सगळ्या चिपा एकदम बदलून टाकू' या घाईने. पन्नास वर्षांच्या बोर्डाला फार उष्णता दिली की तांब्याच्या रेघा उचकटतात, आणि असे मूळ बोर्ड आता सहज मिळत नाहीत. त्याऐवजी पडदा निरखून बघा. इथे प्रत्येक गोष्टीचं सर्किट वेगळं असल्याने अर्धं निदान तिथेच होतं. एकच पॅडल गायब असेल तर त्या बाजूचा 555 टायमर (पॅडलची जागा ठरवणारी चिप) बघा. दोन्हीकडच्या आकड्यांत तीच दांडी तुटलेली दिसत असेल तर दोघांना सामाईक असलेली, आकड्यांच्या दांड्या ठरवणारी 7448 चिप तपासा. पॅडल ठीक, पण चेंडूच नाही? मग चेंडूचे काउंटर (त्याची जागा मोजणाऱ्या चिपा) तपासा. पॅडल थरथरत असेल तर चिपांकडे वळूच नका, बहुधा नॉबमागचा पोटेन्शिओमीटर (नॉब फिरवल्यावर रोध कमी-जास्त करणारा भाग) मळलेला असतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब दहा-वीस वेळा फिरवा.

पॅडल पडद्याच्या अगदी वरपर्यंत पोचत नाही, म्हणून कुणी सर्किटमध्ये फेरफार करतं. कृपया करू नका! तो मूळ रचनेतलाच दोष आहे. ऑल्कॉर्नने तो मुद्दाम तसाच ठेवला, नाहीतर दोन चांगले खेळाडू डाव संपूच देणार नाहीत.

नाणं टाकूनही खेळ सुरू होत नाही? बोर्ड बाहेर काढण्याआधी नाण्याचा डबा उघडा. कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या अँडी कॅप्स टॅव्हर्नमध्ये ठेवलेलं पहिलंच यंत्र असं बंद पडलं होतं. ऑल्कॉर्न दुरुस्तीला गेला, तर आत क्वार्टर (25 सेंटची) नाणी तुडुंब भरलेली. डबा मोकळा असेल तर नाण्याची वाट आणि स्विचची पाती साफ करा, मग पुन्हा एक नाणं टाकून बघा.