कमरेच्या स्नायूंचा ताठरपणा मोजताना या चुका टाळा

त्याच माणसाच्या कमरेवर, त्याच जागी, दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं आणि आकडा वेगळा आला, की पहिला संशय यंत्रावर जातो. बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं. बदललेला असतो स्नायू, नाहीतर आपला हात.

सगळ्यात महागात पडते ती एक समजूत: पालथं झोपवलं म्हणजे कंबर सैल झाली. तसं होत नाही. मान एका बाजूला वळलेली असते, हात डोक्याखाली घेतलेले असतात, दुखत असेल तर माणूस नकळत अंग आवळून धरतो. किंचित आकुंचनानेही ताठरपणा वाढतो. पोटाखाली पातळ उशी द्या, हात अंगालगत ठेवा, चेहरा टेबलाच्या भोकात सरळ येऊ द्या आणि पाच-दहा मिनिटं शांत पडू द्या. सोय असेल तर ईएमजी (स्नायूतली विद्युत हालचाल टिपणारी चाचणी) लावून स्नायू सैल असल्याची खात्री करा. श्वासही सांभाळावा लागतो. नुसतं "श्वास रोखा" म्हटलं की बरेच जण छाती भरून घेतात, पोटातला दाब वाढतो आणि आकडा फुगतो. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की पुढचा घेण्याआधी मोजा. पुढच्या भेटीतही अगदी हीच स्थिती हवी. बसवून घेतलेला आकडा झोपवून घेतलेल्याशी ताडून पाहू नका.

शिअर वेव्ह इलास्टोग्राफी, म्हणजे सोनोग्राफीच्या यंत्राने स्नायूत लाट सोडून तिच्या वेगावरून ताठरपणा मोजणं, हे करताना हाताचा दाब घात करतो. प्रोब (यंत्राचा त्वचेवर टेकवायचा भाग) रुतला की खालचा भाग दबतो आणि जास्त ताठर दिसतो. जेल सढळ लावा. पडद्यावर त्वचेच्या वर जेलचा काळा पट्टा दिसत राहिला पाहिजे. दिशाही महत्त्वाची. लाट तंतूंच्या बाजूने वेगात जाते, आडवी जाताना मंदावते. मल्टिफिडस हा कण्यालगतचा खोल स्नायू तिरका असतो, त्यामुळे प्रोब कण्याला समांतर धरून भागत नाही. तंतूंच्या रेघा सलग दिसेपर्यंत तो हळूहळू फिरवा.

एककांचा गोंधळ तर फार होतो. लाटेचा वेग सेकंदाला 2 मीटर असेल, तर शिअर मॉड्युलस (आडवं सरकवणाऱ्या जोराला ऊतीचा विरोध) साधारण 4 किलोपास्कल येतो. तोच निकाल यंग्ज मॉड्युलस (ओढण्या-दाबण्याला ऊतीचा विरोध) म्हणून दाखवला की 12 होतो. ही तिप्पट करताना ऊती सगळ्या दिशांना सारखी आहे असं धरलेलं असतं, आणि स्नायू तसा नसतो. माझ्या मते वेगच नोंदवावा.

हातात धरायच्या मायोटोनोमीटरचा (त्वचेवर टोक टेकवून हलका धक्का देत ताठरपणा मोजणाऱ्या यंत्राचा) निकाल न्यूटन प्रति मीटरमध्ये येतो. तो किलोपास्कलशी ताडू नका. टोक त्वचेला काटकोनात हवं. चरबीचा थर जाड असेल तर खोल स्नायूबद्दल हे यंत्र फारसं काही सांगू शकत नाही.

मोजायची जागा कोणत्या मणक्याजवळ आहे ते नुसत्या बोटांनी मोजून ठरवू नका. दोन्ही कटिअस्थींच्या वरच्या कडा जोडणारी रेषा साधारण चौथ्या कंबर मणक्याजवळ जाते, पण माणसागणिक ती सरकते. सोनोग्राफीने खात्री करा आणि त्याच स्थितीत पेनने खूण करा. कुशी बदलली की त्वचा सरकते.

शेवटची चूक निकाल वाचताना होते. "कंबर लाकडासारखी झालीय," असं पेशंट सांगतो आणि आकडा साधाच येतो. मग आपलंच चुकलं असं वाटून पुन्हा पुन्हा, जरा जास्त दाबून मोजलं जातं. 2017 मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये आलेल्या अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना जाणवणारा ताठरपणा आणि कण्याचा प्रत्यक्ष मोजलेला ताठरपणा यांचा मेळ बसला नव्हता. पेशंटची जाणीव खरीच असते. ती वेगळ्या रकान्यात लिहा आणि आकडा आला तसा राहू द्या.