परत आल्यावर जुन्या क्रेडिट कार्डाचं काय करायचं
६ वर्षांनी परदेशातून परतले, तर दाराशी थकलेल्या कार्डाच्या पत्रांचा गठ्ठा. तिसऱ्याच दिवशी वसुलीवाल्याचा फोन: 'आज थोडे तरी भरा, मॅडम.' इथेच घाई नको! अनेक देशांत जुन्या कर्जाच्या दाव्याला मुदत असते; किरकोळ रक्कम भरली किंवा कर्ज लेखी कबूल केलं, तरी ती मुदत नव्याने मोजली जाऊ शकते. आधी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदी, काढा. कर्ज आता कुणाकडे आहे ते बघा, मुद्दल, व्याज, दंड असा वेगवेगळा हिशेब लेखी मागा. माझ्या हिशेबात व्याज-दंडच मुद्दलाहून जास्त निघाला, मग घासाघीस केली. तडजोडीचं, म्हणजे कमी रकमेत कर्ज मिटवायला होकार देणारं, पत्र हाती येईपर्यंत एक पैसाही देऊ नका. जमलं तर पूर्णच फेडा, कारण तडजोडीची नोंद रिपोर्टवर बरीच वर्षं खुपते. शेवटी नो ड्यूज, म्हणजे काहीच देणं बाकी नाही असं, पत्र घ्या. माझं पासपोर्टच्या फाइलमध्येच आहे.