पक्ष्यांसाठी छोटं अनुदान मागताय? या चुका टाळा

शाळा-कॉलेजांच्या निसर्ग मंडळांचे अर्ज मी बरीच वर्षं वाचतो. रक्कम लहान असते, पोरांची तळमळ खरी असते, आणि तरी बहुतेक अर्ज त्याच त्या ठिकाणी अडखळतात.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते चिमण्यांच्या घरट्यांचं वाटप. २० मार्चला चिमणी दिन, म्हणून फेब्रुवारीत घाईघाईने अर्ज येतो: शंभर लाकडी घरटी, वाटप, फोटो. पुढे काय, यावर एक ओळ नाही. एका तालुक्याच्या गावी अशा वाटपानंतर पावसाळ्याच्या तोंडावर जाऊन पाहिलं. घरटी पत्र्याच्या शेडला, पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारभर रणरणत्या उन्हात. भोकं एवढी मोठी की दोन-तीन घरटी साळुंक्यांनी बळकावलेली. मागची फळी खिळे ठोकून बंद, म्हणजे साफ करायची सोय नाही. कुठल्या घरट्यात कोण राहिलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

माझं म्हणणं असतं, दहाच घरटी मागा. भोक साधारण ३२ मिलिमीटर, जागा सावलीची, फळी उघडणारी, आणि प्रत्येक घरट्यामागे वही घेतलेलं एक मूल. चिमणीची पिल्लं अळ्या-किड्यांवर वाढतात, तेव्हा शाळेमागचं झुडपी कुंपण तुटत असेल तर आधी ते वाचवा.

दुसरी चूक खर्चाच्या पानावर दिसते; मी अर्ज तिथूनच वाचायला घेतो. टी-शर्ट, फ्लेक्स, सन्मानचिन्हं, पाहुण्यांचा नाश्ता, आणि दुर्बिणीला पैसे नाहीत! फ्लेक्सची ओळ मी पेन्सिलने खोडतो. खेळण्यातल्या दहा दुर्बिणींपेक्षा ८x४२ च्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिलिमीटर भिंगाच्या) दोन घ्या, आळीपाळीने वापरा.

‘जनजागृती करणे’ हे उद्दिष्ट नव्हे. कुठला तलाव, कुठले पक्षी, कोण मोजणार, ते लिहा. ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, दर आठवड्याला पंधरा मिनिटांत ओळखलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी टाकली तरी वर्षाअखेर हातात काहीतरी ठोस राहतं.

पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला. तेवढ्या आठवड्यापुरता प्रकल्प आखू नका. स्थलांतरित पक्षी त्याच्या आधीच यायला लागतात आणि मार्चपर्यंत असतात.

नायलॉन मांजाविरुद्धची फेरी संक्रांतीच्या दिवशी काढून काय उपयोग? दुकानदार माल भरतात तेव्हा, डिसेंबरात, त्यांना भेटा.

घरट्यातल्या अंड्या-पिल्लांचे जवळून काढलेले फोटो अर्जाला जोडले असतील तर मी तो अर्ज बाजूला ठेवतो. फोटोंच्या स्पर्धेसाठी घरट्यासमोरच्या फांद्या वाकवणाऱ्यांना पक्षी कळलेलाच नाही.

परदेशी संस्थेचे पैसे मंडळाच्या खात्यात थेट घेता येत नाहीत. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही ते पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. ‘ओळखीच्या ट्रस्टमार्फत घेऊ’ हा शॉर्टकट डोक्यातून काढून टाका.

आणि बिलं. दुकानातल्या मशीनमधून निघणाऱ्या थर्मल कागदाच्या बिलावरची अक्षरं काही महिन्यांत उडू शकतात. खरेदीच्या दिवशीच फोटो काढा, मागे पेनाने तारीख आणि कारण लिहा, आणि बिलांचं पाकीट सरांकडे न ठेवता दोन विद्यार्थ्यांच्या ताब्यात द्या, म्हणजे हिशेब मुलांनाच मांडता येतो.