जुनी अकॉस्टिक गिटार पारखताना
संग्रहासाठी जुनी गिटार घेताना आधी आवाजाला भुलू नये. मधल्या गोल छिद्राची कड उजेडात धरून पाहावी. वरच्या पाटीवरील लाकडाच्या रेषा कडेच्या जाडीतही अखंड उतरत असतील तर पाटी सलग लाकडाची, आणि आडवे थर दिसले तर ती प्लायवूडची समजावी. मग ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे पाटीला अडकवलेल्या असतात त्या लाकडी पट्टीच्या, मागच्या कडेखाली कागद सरकवावा. तो आत शिरला तर ब्रिज सुटू लागला आहे. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरील धातूची आडवी पट्टी) सर्वांत जाड तार साधारण 2.5 मिलिमीटर उंच असावी. ती 4 मिलिमीटरवर असेल आणि सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती बारीक पट्टी) आधीच घासून खाली आणलेले असेल, तर मानेचा कोन सुधारण्याचा खर्च किमतीतून वळता करून घ्यावा. कोकणातल्या पावसाळ्यात गिटार भिंतीवर टांगू नये (शोभते खरी!), सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटीत बंद ठेवावी.