बिझनेस जेट उतरल्यावर थ्रस्ट रिव्हर्सर कधी उघडावेत आणि कधी मिटावेत

थ्रस्ट रिव्हर्सर, म्हणजे इंजिनाचा झोत पुढे वळवून विमानाचा वेग उतरवणारी यंत्रणा, वापरायचे की नाही, हा निर्णय चाके धावपट्टीला टेकल्यानंतर घ्यायचा नसतो. तो उतरण्यापूर्वीच्या ब्रीफिंगमध्येच झालेला असावा, आणि त्यासाठी हिशेबाची सुरुवात रिव्हर्सर नाहीतच असे धरून करावी. कोरड्या धावपट्टीसाठी फ्लाइट मॅन्युअलमध्ये दिलेले उतरण्याचे प्रमाणित अंतर रिव्हर्सरचा उपयोग न धरता काढलेले असते. त्या अंतरात विमान बसत नसताना रिव्हर्सरच्या भरवशावर उतरणे म्हणजे अडीअडचणीसाठी राखलेली गोष्ट आधीच खर्ची घालणे होय. ओल्या किंवा बर्फाळ पट्टीसाठीच्या तक्त्यांत मात्र काही वेळा रिव्हर्सरचा वाटा धरलेला असतो, त्यामुळे तक्त्याखालची टीप वाचल्याशिवाय आकडा उचलू नये. विमानाचा प्रकार बदलला की सवयही तपासावी लागते: फेनम ३०० किंवा सायटेशन सीजे ४ यांना रिव्हर्सर नसतातच, तर फाल्कन ९०० च्या तीन इंजिनांपैकी फक्त मधल्यालाच तो असतो.

रिव्हर्सर इंजिन उलटे फिरवत नाही. तो मागे जाणारा झोत अडवून पुढच्या दिशेला वळवतो. म्हणून त्याचा जोर टायर आणि धावपट्टी यांच्यातील घर्षणावर अवलंबून नसतो आणि वेग जास्त असतानाच तो सर्वाधिक उपयोगी पडतो. नेमक्या त्याच वेळी ब्रेक कमजोर असतात, कारण पंख अजून विमानाचा काही भार पेलत असतात. पट्टीवर पाणी साचलेले असेल तर हा फरक आणखी वाढतो. टायरमधील दाब पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच) घेऊन त्याच्या वर्गमूळाला ९ ने गुणले की फिरते चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा अंदाजे वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैल) मिळतो. १४४ पीएसआय दाबाला तो १०८ नॉट येतो. टेकताना अजून फिरू न लागलेल्या चाकासाठी ९ ऐवजी ७.७ धरतात, म्हणजे सुमारे ९२ नॉट. अशा पट्टीवर ११५ नॉटने टेकलेल्या जेटचा वेग पहिल्या काही सेकंदांत ब्रेकने फारसा उतरत नाही. तिथे स्पॉयलर आणि रिव्हर्सर यांनीच काम करायचे असते.

क्रम असा ठेवावा. मुख्य चाके टेकताच थ्रस्ट लिव्हर आयडलवर, म्हणजे इंजिनाच्या किमान जोरावर, असल्याची खात्री करून ग्राउंड स्पॉयलर (पंखांवरच्या, उचल मोडणाऱ्या फळ्या) उघडावेत, नाकाचे चाक हलकेच खाली आणून ब्रेक लावावेत आणि मग रिव्हर्सचे लिव्हर पहिल्या थांब्यापर्यंत ओढावेत. इथे थांबायचे असते. आधी ‘अनलॉक’ (कुलूप सुटले) आणि मग ‘डिप्लॉय’ (पूर्ण उघडले) असे दिवे दोन्ही बाजूंना लागल्याचे सहवैमानिकाने मोठ्याने सांगितल्यानंतरच पुढे जोर वाढवावा. रिव्हर्सरची झोत वळवणारी दारे पूर्ण उघडेपर्यंत इंटरलॉक ही सुरक्षेची अडकण लिव्हरला अडवून धरते. घाईत तिच्याशी झटापट करण्याची सवय वाईट. नाकाचे चाक टेकण्यापूर्वी रिव्हर्सर उघडावेत की नाही, याबाबत मात्र त्या विमानाच्या मॅन्युअलचाच शब्द अंतिम मानावा.

कोरड्या आणि लांब पट्टीवर रिव्हर्सर उघडून आयडल रिव्हर्सवरच ठेवावेत, असे माझे मत आहे. आयडलवरही इंजिन विमानाला पुढे ढकलत असते. तो रेटा नाहीसा होतो आणि पुढे अचानक गरज पडली तर दारे आधीच उघडी असतात. ब्रेक वाचवण्यासाठी जोर वाढवायचा असेल, तर ब्रेक कोणते आहेत हे पाहावे. कार्बन ब्रेकची झीज ते किती जोरात लावले यापेक्षा किती वेळा लावले यावर अधिक ठरते, त्यामुळे स्टीलच्या ब्रेकइतका फायदा तिथे होत नाही.

पट्टी निसरडी असेल तर मात्र उशीर करू नये. ८ डिसेंबर २००५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर बर्फ पडत असताना उतरलेल्या बोइंग ७३७ चे रिव्हर्सर टेकल्यानंतर सुमारे १८ सेकंदांनी उघडले गेले. विमान कुंपण तोडून रस्त्यावर गेले आणि मोटारीतील एका मुलाचा मृत्यू झाला. ते बिझनेस जेट नव्हते, पण हे गणित सर्व जेटना सारखेच लागू पडते.

निसरड्या पट्टीवर आडवा वारा असला की रिव्हर्सरच अडचण करतो. विमानाचे नाक वाऱ्याकडे वळते आणि तिरक्या झालेल्या विमानाचा उलटा जोर त्याला वारा ज्या दिशेने वाहत जातो त्या कडेकडे ओढतो; शिवाय शेपटीजवळच्या इंजिनांचा वळवलेला झोत रडरभोवतीची (शेपटीवरचे दिशा वळवणारे पाते) हवा ढवळून त्याची पकड कमी करतो. विमान सरकू लागले तर रिव्हर्स आयडलवर आणावा, ब्रेक सैल करावेत, मध्यरेषा परत मिळवावी आणि मगच दोन्ही पुन्हा लावावेत.

बहुतेक प्रकारांत साधारण ६० नॉटपर्यंत लिव्हर आयडल रिव्हर्सवर आलेले असावेत. त्याखाली पुढे फेकलेला गरम झोत आणि त्याने उडवलेले खडे इंजिन स्वतःच गिळते, आणि कोरडा भुसभुशीत बर्फ उडून समोरचे काही दिसेनासे होते. पट्टीचा शेवट अंगावर येत असेल तर अर्थातच इंजिनाची काळजी न करता विमान थांबेपर्यंत पूर्ण रिव्हर्स ठेवावा.

एकदा रिव्हर्सर उघडले की गो-अराउंडचा, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा उडण्याचा, विचार सोडून द्यावा. ११ फेब्रुवारी १९७८ रोजी कॅनडातील क्रॅनब्रुक येथे पट्टीवर बर्फ काढणारे वाहन दिसल्याने उघडलेले रिव्हर्सर मिटून पुन्हा उडालेल्या बोइंग ७३७ चा एक रिव्हर्सर नीट बंद झाला नव्हता. तो हवेत उघडला आणि विमान कोसळले.

रिव्हर्सरच्या दिव्यांवरची नजर विमान थांबेपर्यंत काढू नये. १९ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील साउथ कॅरोलायनाच्या कोलंबिया येथे उड्डाण करताना लिअरजेट ६० चे टायर फुटले आणि वैमानिकांनी उड्डाण रद्द केले. टायरच्या तुकड्यांनी चाकांजवळच्या यंत्रणेची नासधूस केल्याने विमान हवेत असल्याचा संकेत गेला, रिव्हर्सर आपोआप मिटले आणि लिव्हर रिव्हर्सच्या स्थितीत असतानाच इंजिनांचा जोर पुढच्या दिशेने लागला. उतरताना ‘डिप्लॉय’चा दिवा मध्येच विझला, तर लिव्हर ताबडतोब आयडलवर आणावेत आणि उरलेला वेग ब्रेकनेच उतरवावा.